गाडी हीट होतेय, साहेब

संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं, की वाचकांना नटबोल्टांत अडकवू नका. अडचण अशी, की जुन्या मर्सिडीज दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे नटबोल्ट वगळले तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. तेव्हा प्रस्तुत लेखकाने मध्यममार्ग काढला आहे: गाडी एकच, आणि तिच्यातलंही फक्त पाणी.

गाडी म्हणजे डब्ल्यू 124. मर्सिडीजने ती 1984 च्या अखेरीस जर्मनीत आणली. तिचं रूप ठरलं मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्को यांच्या देखरेखीखाली. दहा वर्षांनी, 1994 मध्ये, टाटांच्या टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया उभी राहिली आणि 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात या गाड्या जुळू लागल्या. तिकडे जर्मनीत तेव्हा हे मॉडेल निरोपाच्या तयारीत होतं. टाटांच्या ट्रकांवर 1969 पर्यंत मर्सिडीजचा तारा मिरवत होता खरा, पण भारतात जुळवलेली पहिली मर्सिडीज मोटार हीच. पेट्रोलवर ई 220, डिझेलवर ई 250 डी. त्या काळी कारखान्याचे चेअरमन, बिल्डर, नावाजलेले सर्जन या गाडीतून उतरायचे. आता ती त्यांच्या मुलांच्या पार्किंगमध्ये उभी आहे, आणि मुलांना ती विकवतही नाही, चालवतही नाही. कायद्यालाही तिचं काय करावं ते कळत नाही. 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

या गाडीबद्दल एप्रिल ते जून या काळात येणाऱ्या फोनांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: “गाडी हीट होतेय, साहेब.”

त्यातल्या निम्म्या गाड्या हीट होतच नसतात. डब्ल्यू 124 च्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खरं बोलतो, हाच त्याचा दोष. त्यावर 40, 80, 120 असे अंश लिहिलेले आहेत आणि पाण्याचं तापमान चढेल-उतरेल तसा तो हलतो. नंतरच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमध ठाण मांडून बसतो. अशा गाडीची सवय झालेला माणूस वडिलांची मर्सिडीज घेऊन सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, काटा 95 वरून शंभराकडे सरकताना बघतो आणि घाबरून इंजिन बंद करतो. इंजिन बंद, म्हणजे पंपही बंद आणि पट्ट्यावरचा पंखाही. इंजिनाच्या ज्या हेडमधून उष्णता वाहून न्यायची तिथेच पाणी थबकतं.

शंभर अंश म्हणजे पाणी उकळलं, हे शाळेत शिकलेलं इथे लागू होत नाही. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पण गाडीतलं पाणी उघडं नसतं. कूलंटच्या बाटलीचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. झाकणावर 140 छापलेलं असेल तर 1.4 बार. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे 125 अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून पुढे. म्हणजे सगळी भिस्त त्या प्लास्टिकच्या झाकणावर. ते कधी बदललं, असं विचारलं तर मालक हसतात.

आता थर्मोस्टॅट. इथे संपादकांची क्षमा मागून थोडं लांबण लावावं लागेल, कारण महाराष्ट्रातल्या गॅरेजांत या एका वस्तूइतका अन्याय दुसऱ्या कशावर झालेला नाही.

गाडी हीट झाली की मिस्त्री पहिलं काम करतो ते ‘वॉल्व काढून टाकण्याचं’. वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो: थर्मोस्टॅट पाणी अडवतो, थंड देशात इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तो लावलाय, आपल्याकडे त्याची गरज काय? काढला की पाणी मोकळं फिरतं. एका मिस्त्रीने तर अभिमानाने सांगितलं होतं, “दादा, मी आजवर कुठल्याच गाडीत ठेवला नाही.”

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ते वितळताना फुगतं आणि तबकडी ढकलून रेडिएटरची वाट उघडतं. 87 अंशांच्या सुमारास उघडायला सुरुवात होते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. इथपर्यंत मिस्त्रीलाही ठाऊक असतं. त्याला दिसत नाही ती दुसरी तबकडी. मर्सिडीजच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता एका आडवाटेने पुन्हा पंपाकडे वळतं, म्हणजे बायपासने. थर्मोस्टॅट जसजसा रेडिएटरची वाट उघडतो तसतशी ही खालची चकती बायपासचं तोंड बंद करत जाते. एक दार उघडायचं आणि त्याच हालचालीत दुसरं लावायचं, अशी ती रचना आहे.

थर्मोस्टॅट काढला की दोन्ही दारं सताड उघडी. पाणी सोपी वाट धरतं आणि सोपी वाट बायपासची असते. रेडिएटरच्या शेकडो बारीक नळ्यांतून जाण्यापेक्षा एका आखूड पाइपातून परत फिरणं पाण्याला केव्हाही बरं. परिणामी गरम पाण्याचा मोठा हिस्सा थंड न होताच इंजिनात परततो. सपाट रस्त्यावर, सकाळच्या हवेत हे जाणवत नाही. उलट काटा खाली दिसतो आणि मिस्त्रीच्या कौशल्याची वाहवा होते. घाटात एसी चालू असताना तीच गाडी वाफ सोडते, तेव्हा दोष जातो रेडिएटरला. मग रेडिएटर बदलला जातो.

थंडगार चालणारं इंजिन तरी सुखी असतं का? तेही नाही. इंजिन अजून तापलंच नाही असं समजून इंजेक्शनची यंत्रणा जास्त पेट्रोल ओतत राहते. ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधली ओल उडून जात नाही, गाळ धरतो. ॲव्हरेज पडतो तो वेगळाच. एवढं सगळं समजावून झाल्यावर मालक मान डोलावतात आणि विचारतात, “पण काढला तर चालेल ना?”

बाकीच्या ‘सुधारणा’ही याच जातीच्या. स्पीडब्रेकरला घासतो म्हणून इंजिनाखालचा ट्रे फेकून देतात. बंपरखालची रबरी पट्टी आणि हा ट्रे मिळून समोरून आलेली हवा रेडिएटरमधूनच जाईल अशी व्यवस्था करतात, हे लक्षात घेतलं जात नाही. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं तडकलं की काढून टाकतात. मग पंखा आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. पट्ट्यावरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच सैल झाला, त्यातलं सिलिकॉन ऑइल गळालं, की तो अख्खा उतरवून एखाद्या छोट्या गाडीचा विजेचा पंखा तारेने बांधतात. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर काढून तांब्या-पितळेचा करून घेतात, कारण तांबं उष्णता जास्त वाहतं. तांबं वाहतं, हे खरंच. पण हाताने बनवलेल्या जाळीत पत्र्यांची दाटी मूळच्या जाळीइतकी नसते, आणि उष्णता शेवटी हवेने न्यायची असते. या गाडीची कूलिंग सुधारायची म्हणजे आधीच्यांनी जे जे काढलं ते ते शोधून परत बसवायचं, बहुतेक वेळा एवढंच काम असतं. त्यात कलाकुसर काही नाही, म्हणून त्याचे पैसे मागताना संकोच वाटतो.

मात्र जर्मनांची प्रत्येक गोष्ट वेदवाक्य मानायची, तर एका ठिकाणी प्रस्तुत लेखकाचा पाय अडखळतो. एसीच्या कंडेन्सरसमोरचे विजेचे पंखे पूर्ण वेगाने कधी फिरतात? पाणी 105 अंशांच्या पुढे गेल्यावर. त्याआधी एसीच्या गॅसचा दाब वाढला तर ते हळू वेगाने फिरतात, तेही त्या वेगाचा रेझिस्टर जळालेला नसेल तर. इतक्या वर्षांत तो बहुधा जळालेला असतोच. स्टुटगार्टच्या हवेत हा हिशेब चोख असेल. चंद्रपुरात 45 अंशांच्या दुपारी रेल्वे फाटकाशी उभ्या गाडीचं काय? काही जण कमी तापमानाला चालू होणारा स्विच लावतात. या लेखकानेही लावले आहेत, आणि दर वेळी मन थोडं कचरलं आहे. पंखे जास्त वेळ फिरणार, जुनी वायरिंग जास्त तापणार. 1990 च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या या गाड्यांच्या इंजिन वायरिंगवर असं आवरण होतं, की ते उष्णतेने कडक होऊन वायर नुसती वाकवली तरी भुगा होऊन हातात येतं.

माल मिळवणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. थोडक्यात सांगायचं तर गाडीचं नाव सांगून माल मागणारा फसतो, नंबर सांगणारा वाचतो. मर्सिडीजच्या पार्ट नंबरात ‘ए’ नंतरचे तीन आकडे मॉडेल किंवा इंजिन सांगतात आणि पुढचे दोन आकडे गट. 20 म्हणजे इंजिनाचं कूलिंग, 50 म्हणजे रेडिएटर. ‘111 20’ ने सुरू होणारा भाग ई 220 च्या 111 इंजिनाच्या पाण्याचा, एवढं डोक्यात असलं तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर निम्मी लढाई जिंकता येते. तिथे भंगारातल्या गाड्यांचा काढलेला माल मिळतो. पुण्यात नाना पेठेत फिरावं, पण तिथे या गाडीचं नशिबानेच काही हाती लागतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जर्मन गाड्या कापणाऱ्यांची रांगच आहे, आणि आखातात नोकरीला असलेल्या भाच्याच्या बॅगेतून आलेला वॉटर पंप हा या धंद्यातला जुना रिवाज. नाहीच काही झालं तर जर्मनीत फेलबाखला कंपनीचं 1993 पासूनचं क्लासिक सेंटर आहे. तिथून भाग मिळतात, पण किंमत ऐकून मालक थोडा वेळ गप्प होतात.

कुर्ल्यातला एक दुकानदार रेडिएटर पुढे करत म्हणाला होता, “शेठ, ओरिजिनल आहे, तारा बघा.” तारा होता खरा, चकचकीत, स्टिकरचा. मूळ पुरवठादारांचा माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात येतो तेव्हा काही भागांवर बरोबर उलटं दिसतं: जिथे तारा असायचा तिथे तो घासून काढलेला असतो, कारण तो विकायचा हक्क कंपनीचा. रेडिएटरमध्ये बघायचं ते होजच्या तोंडात बोट घालून. प्लास्टिकची ती नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तपकिरी आणि ठिसूळ होते, आणि एके दिवशी होजसकट तुटून येते. काही चांगल्या रेडिएटरांत तोंडाच्या आत धातूचं कडं बसवलेलं असतं. बोटाला ते थंड लागतं. नसेल तर तारा कितीही चमको, खोकं परत.

पाण्याबद्दल एकच. साधं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहतं हे मिस्त्रींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण बोअरचं पाणी वर्षभरात हेडच्या आत क्षार चढवतं, ॲल्युमिनियम खातं, आणि मग ‘जास्त उष्णता वाहणं’ कागदावरच राहतं. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. बर्फासाठी नाही, गंजासाठी.

एवढं सांगूनही एक गाडी सध्या डोकं खाते आहे. 1995 ची ई 220, कोल्हापूरच्या एका वकीलसाहेबांची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आली तेव्हा थर्मोस्टॅट नव्हता, ट्रे नव्हता, झाकण दुसऱ्याच गाडीचं होतं आणि रेडिएटरची जाळी पितळी. सगळं यथास्थित बसवलं, वायरिंगही नवी केली. आता शहरात काटा नव्वदीत असतो. पण पुण्याहून परत जाताना खंबाटकी चढताना, एसी लावला की तो 108 पर्यंत जातो आणि माथ्यावर पोचल्यावरही लवकर उतरत नाही. दोन महिन्यांत बाटलीतलं पाणी बोटभर कमी होतं, जमिनीवर थेंब नाही. पाण्यात जळका वायू मिसळतोय का ते पाहणारं निळं रसायन निळंच राहिलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत ठीक आहे.

संशय हेडवर आहे. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. थर्मोस्टॅटशिवाय काढलेल्या वर्षांत ही गाडी कुठे, किती वेळा तापली याची नोंद कोणाकडे नाही. वकीलसाहेबांच्या ड्रायव्हरमामांना विचारलं तर ते म्हणतात, “तशी कधी बंद नाही पडली.” हेड किंचित वाकलं असेल तर ते फक्त चढावर, पूर्ण भार आला की तोंड उघडतं, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर केलेल्या चाचण्या काहीच बोलत नाहीत. किंवा हेड सरळच असेल आणि पाणी बाटलीच्या एखाद्या केसाएवढ्या चिरेतून वाफ होऊन जात असेल. हेड उघडणं म्हणजे मोठा खर्च आणि मोठी जबाबदारी. उघडून ते सरळ निघालं, तर वकीलसाहेबांना बिल कसं समजावायचं?

दिवाळीनंतर गाडी परत येणार आहे. थंड इंजिनावर रात्रभर 1.4 बारचा दाब देऊन ठेवायचा, सकाळी दाब उतरलेला असला तर आधी बाटली बदलायची आणि तरीही उतरला तर हेड उघडायचं, असं ठरलं आहे. हेड गॅस्केटचा सेट मागवला आहे. हेडच्या बोल्टांचा नंबर बदलून आलाय की तोच आहे, ते पुरवठादाराने अजून कळवलेलं नाही.