भंडारदऱ्यात काठीची सावली

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहिलो. प्रवरा नदीवरचे इथले विल्सन धरण 1926 सालचे. जवळच 1646 मीटर उंचीचे कळसूबाई. कार्यक्रम मुद्दाम काहीच आखला नव्हता. "आता काय करायचं?" मुलांचे दर दहा मिनिटांनी तेच. शाळा, मकतब, शिकवणी यांत धावणाऱ्या मुलांना रिकामा वेळ शिक्षाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत एक काठी सरळ रोवली. मोबाइल पिशवीत टाकले आणि म्हटले, जोहरची वेळ आज तुम्हीच सांगा. सावलीच्या टोकाशी मुले खडे मांडत गेली. सावली आखडत गेली, मग जणू थांबलीच. थोरला कंटाळून उठला, पुन्हा येऊन बसला. अखेर ती पलीकडे वाढू लागली, तशी धाकटी ओरडली, "अम्मी, जवाल झाला!" मशिदीतल्या तक्त्यावर ती हा आकडा रोज पाहते!

मगरिबला थोरला मावळतीकडे तोंड करून उभा राहिला. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला मावळतो, किबला त्याच्या बराच उजवीकडे; हे त्याला तिथेच दाखवले.

इशानंतर शेकोटी विझवली. डोक्यावर कृत्तिका, म्हणजे आपली सुरय्या. तिच्यामागे लालसर रोहिणी, अरबीत अद-दबरान, म्हणजे मागून येणारा.

"मग गाठतो का तिला?" धाकटीने विचारले.

नाही, रात्रभर मागेच.

बघता बघता ती चटईवरच झोपली. उचलून तंबूत न्यावे लागले.