ओव्हरीतल्या दोन गाठी

२०११ साली माझ्या डाव्या ओव्हरीत साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. वय ३९. भिलाईत सेक्टरच्या क्वार्टरमध्ये अशी बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही. शेजारणी आल्या आणि एकच बोलल्या, "बच्चादानी निकलवा दो, झंझट खतम." मला कॅन्सरशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. एका खासगी दवाखान्यात पिशवी आणि दोन्ही ओव्हऱ्या काढायची तारीख घेऊन आले. गाठ ओव्हरीत, मग पिशवी कशासाठी, एवढंही विचारलं नाही.

नागपूरच्या नणंदेनं फोनवर अडवलं. "वहिनी, पाळी चालू असताना दोन्ही ओव्हऱ्या गेल्या तर हाडं झिजतील. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा." त्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला: नुसतं पाणी, पातळ भिंत, आत घट्ट भाग नाही. बीज तयार होताना अशी गाठ कधी राहून जाते, बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत विरते. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत ती नव्हती. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, आमच्या छत्तीसगडात सरकारी विम्याच्या स्मार्ट कार्डावर गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं. पेपर वाचताना माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून भेटेल तिला मी सांगत सुटले, गाठ आपोआप जाते.

२०१९ मध्ये माझ्या बावीस वर्षांच्या मुलीला सात सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टवर 'डरमॉइड' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं: ही पाण्याची नाही, हिच्यात चरबी, केस, कधी दातसुद्धा असतात. गोळ्यांनी जात नाही. दुर्बिणीतून नुसती गाठ सोलून काढू, ओव्हरी राहील. मी तिला काढे दिले. लग्नाआधी पोटावर टाके नकोत, हे माझ्या मनात होतं. तिला मात्र माझ्या गाठीचा दाखला देत राहिले. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

पाच महिन्यांनी एका रात्री तिच्या उजव्या ओटीपोटात अचानक कळ आली, पाठोपाठ उलट्या. मी पित्त समजले. ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. कळ मधे थोडी ओसरली, तेव्हा मला हायसं वाटलं. दुसरा दिवसही असाच काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा गाठीच्या वजनानं ओव्हरीला पीळ बसून तिचा रक्तपुरवठा तुटला होता. ती ओव्हरी वाचली नाही.

दुसरी ओव्हरी चांगली आहे, पाळी नियमित आहे, मूल होऊ शकेल असं डॉक्टर म्हणतात. मुलीनं मला कधी बोल लावला नाही. पण माझ्या एका गाठीचा अनुभव मी तिच्या गाठीवर लादला, हे मला ठाऊक आहे.

बायांनो, रिपोर्टवर गाठीचं माप असतं तसं नावही असतं. ते डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि गाठ असलेल्या मुलीला अचानक कळ येऊन उलटी झाली, तर ओवा शोधत बसू नका. तिला त्याच तासाला दवाखान्यात न्या.