चौकीदार

लीड्सच्या ऑफिसात फायलींतले बदल टिपायला आम्ही जी लायब्ररी वापरतो, तिचं नाव ‘चोकिदार’. म्हणजे आपला चौकीदारच! परवा तिची चौथी आवृत्ती घेतली. २०२४ची ही आवृत्ती सुटसुटीत आहे. पूर्वी तिला १३ इतर पॅकेजेस लागत, आता एकच. पण ‘या प्रकारच्या सगळ्या फायली’ सांगणारी फुली तिला आता कळत नाही. आमची यादी तर फुल्यांचीच. एरर नाही, नुसती शांतता. दोन दिवस मला सगळं आलबेल वाटलं.

पुण्यात रात्री वॉचमनच्या काठीचा आवाज थांबला की बाबांना जाग यायची.

यादी सुधारली आणि आईला फोन लावला. पंधरा दिवसांत तिचा फोन नव्हता. म्हणजे ठीकच असेल, असं मी धरून चाललो होतो.