लेकीसाठी एक पान

आमची धाकटी लेक लग्न होऊन बॉस्टनला गेली, त्याला आता सहा वर्षे होऊन गेली. दिवाळीच्या आगेमागे तिचे फोटो येतात आणि त्यांत दिवे कमी, झाडे जास्त असतात. २०२४ च्या दिवाळीतही आले. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात फ्लूम नावाची एक घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून खळाळते पाणी आणि कातळाला लगटून बांधलेली लाकडी पायवाट. जावई, लेक आणि चार वर्षांचा नातू तिथे हिंडून आले होते. वरची मेपलची झाडे अशी लालभडक, की फोटो पाहून आमची सौ. दचकली. "अगं बाई, पेटलंय की काय तिकडे!" एका फोटोत नातवापुढे एक खार दोन पायांवर उभी होती. आणि सगळ्याच्या शेवटी लेकीने लिहिले होते, "बाबा, असं आपल्याकडे नसतं ना?"

प्रश्न साधा होता. 'नसतं' म्हणून लिहिले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण मी पडलो चांद्याचा माणूस. चांदा म्हणजे आताचे चंद्रपूर. आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडी अजून चांदाच येते. पुढे सारा जन्म नागपूरला मास्तरकीत गेला, पण जंगल म्हटले की ते चांद्याचे, आणि बाकी सगळी झुडपे, हा हट्ट काही गेला नाही. मी तात्काळ उत्तर धाडले, "असतं तर! फोटो पाठवतो."

"कधी पाहिलंत तुम्ही?" सौ.ने विचारले.

पाहिले होते, एवढे नक्की. लहानपणी वडिलांबरोबर एस. टी. च्या खिडकीतून लाल रान पाहिल्याचे डोळ्यांपुढे स्वच्छ होते. कोणत्या महिन्यात, ते मात्र आठवेना. पण लेकीचे फोटो कार्तिकातले, तेव्हा आपलेही रान कार्तिकातच रंगत असणार, असा हिशेब मी केला. गणिताचा मास्तर असूनही केला.

भाऊबीज आटोपली आणि आम्ही दोघे वरोऱ्याला मेहुण्यांकडे जाऊन थडकलो. मेहुणे व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "ताडोबात पायी हिंडायचं मनात असेल तर विसरा. तिथे जिप्सीतून पाय खाली टाकू देत नाहीत." तेही बरोबरच आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये अंधारीचे अभयारण्य धरून त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. आता तिथे घर वाघाचे आणि पाहुणे आपण. तेव्हा मेहुण्यांनी रामदेगी सुचवली. वरोऱ्याहून चिमूरकडे जाताना आत वळले की डोंगराच्या कुशीत हे ठिकाण लागते. देवस्थान आहे, श्रावणात माणसांची रीघ असते, रान ताडोबाला लागूनच. आणि घळ आहे! माझे अर्धे काम तिथेच झाले.

मेहुण्यांच्या ओळखीचा एक गावकरी वाट दाखवायला आला. चाळिशीचा, काटक, खांद्यावर दुपट्टा, हातात कुऱ्हाड. मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितले, "रंगलेली पानं पाहायची आहेत."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आत्ता कायचे पानं जी? आत्ता तं सारं हिरवं हाय."

आणि खरोखरच सारे हिरवे होते! साग हिरवा, ऐन हिरवा, बांबू तर हिरवागार. गवत तेवढे पुरुषभर वाढून पिवळे पडू लागले होते आणि खाली शेतांत धान कापणीला आले होते. दोन झाडांच्या मधे तळहाताएवढ्या कोळ्यांनी हातरुमालासारखी नव्हे, चांगली पलंगपोसाएवढी जाळी ताणली होती. त्यांतले एक मी तोंडावर घेतले. लाल म्हणाल तर माझे नाक तेवढे झाले. येताना गावोगावच्या नाक्यांवर झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागलेले दिसले. भाऊबीज झाली की त्या भागात रात्र-रात्र नाटके रंगतात. सौ. म्हणाली, "पानं नाहीत तर नाही, नाटक तरी पाहू." एक पाहिले. छान होते. पण लेकीला ते पाठवून भागणार नव्हते.

निघताना तो वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, फागुनात या. तवा पाहा."

घरी येऊन मी पुस्तके काढली. शिकवून झाल्यावर अभ्यास करायचा, ही आम्हां मास्तरांची जुनी खोड. तिकडे दिवस आखूड होतो, थंडी पडते, तसे झाड पानातले हिरवे द्रव्य मोडून आत ओढून घेते. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. तो उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र झाड जाता जाता नव्याने तयार करते. थंडीची वर्दी सगळ्यांना एकदम, म्हणून डोंगरच्या डोंगर आठवड्या-दोन आठवड्यांत पेटतो. आपल्याकडे झाडाला थंडीची भीती नाही, तहानेची आहे. पाऊस थांबल्यावर जमीन हळूहळू सुकत जाते आणि ज्याची मुळे जितकी खोल, ज्याचा स्वभाव जसा, तसे एकेक झाड आपापल्या दिवशी पाने टाकते. मोई आधी, साग मागाहून, ऐन त्याच्याही मागून. शाळा सुटल्यावर मुले निघावीत तशी नव्हे. कचेरीतले साहेब निघावेत तशी. आणि चांद्याचा उन्हाळा, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर सहज जातो, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाचा थेंब नसताना, हीच झाडे नवी पालवी काढतात. कुसुमाची पालवी तर रक्तासारखी लाल. म्हणजे लहानपणी मी खिडकीतून पाहिलेली लाली म्हाताऱ्या पानांची नव्हतीच. ती तान्ह्या पानांची होती. (जाणाऱ्या पानांची लाली पाहायला चांद्याला जायला नको. वाड्याच्या अंगणातल्या देशी बदामाखाली उभे राहावे. तो ऐनाचाच भाऊबंद.)

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही पुन्हा रामदेगीला गेलो. २०२५ चा मार्च होता. या खेपेला वाटाड्याबरोबर त्याची वहिनी होती. घळीच्या अंगाला त्यांची मोहाची झाडे आहेत. फूल पडायला कधी लागेल ते तिला पाहायचे होते. एकटीने जायचे नाही, असे घरात ठरलेले. म्हणून आम्ही तिची सोबत, की ती आमची, हा प्रश्नच होता.

आणि रान! आता काय सांगू? साग नागडा उभा होता, आपल्याच पानांत गुडघ्यापर्यंत बुडालेला. धावड्याची उरलीसुरली पाने तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी तांबूस. कांडोळाचा पांढराफटक बुंधा मधेच भुतासारखा. पळस, ज्याला ती माणसे परसा म्हणतात, पान एक नाही आणि नुसता केशरी. वर कातळाच्या काठावर एक कुसुम दिसला. तिसऱ्या प्रहरचे ऊन त्यातून आरपार येत होते. सौ. काही बोलली नाही. एरवी ती बोलते.

पण मला पाहिल्यापेक्षा ऐकल्याचे जास्त आठवते. सागाचे वाळके पान म्हणजे भाजलेला पापड. आम्ही चौघे चालत होतो ते साऱ्या डोंगराला कळत असले पाहिजे. मधेच डाव्या हाताला कोणीतरी धाडधाड पाने तुडवत आले. मी सौ.चा दंड धरला. (ती म्हणते, मी तिच्या मागे गेलो. ते खरे नाही.) वाटाड्या हसला. एक रानकोंबडी पानांतून बाहेर आली, मान वाकडी करून आमच्याकडे पाहून पलीकडे गेली.

"जेवढा आवाज मोठा, तेवढं जनावर लहान," तो म्हणाला. "सातभाई पाखरं पानं उलटतात तं वाटते हत्ती आला. वाघाचा आवाज येत नाई जी. या दिवसांत तो पानांतून चालतच नाई. आपल्या वाटेनंच येते."

आपल्या वाटेनेच येते! मी वाटेकडे पाहिले. धूळ होती, मऊ, पिठासारखी.

वहिनी पुढे चालत होती. एका मोहापाशी ती थांबली, वर पाहिले, झाडाखालची पाने पायाने बाजूला सारली. मी विचारले, "इथे पानं जाळतात ना, फुलं दिसावीत म्हणून?" पुस्तकात वाचले होते, त्यानेच रानाला वणवे लागतात, असेही वाचले होते, आणि प्रश्नात मास्तरकी उतरली असावी.

"आमी झाडतो," ती म्हणाली. "सासूबाई झाडूच घेऊन यायच्या." मग थोड्या वेळाने, पाने सारता सारताच, "हितंच होत्या."

पुढचे वाटाड्याने सांगितले, थोडक्यात. दोन वर्षांपूर्वीची पहाट. फूल रात्री पडते आणि उजाडताना वेचायचे असते. उशीर केला तर चितळे, माकडे, अस्वले खाऊन जातात. माय वाकून वेचत होती. वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाघावर राग नव्हता. मला तो असता तर बरे वाटले असते. सरकारचे पैसे मिळाले, घरावर पत्रे घातले. आणि मोहाची झाडे? "झाडं तं आमचीच हायत," वहिनी म्हणाली. जणू मी काही विचित्र विचारले होते.

घळीचे तोंड तिथून दोनशे पावलांवर असेल. वरचा कुसुम आता समोर आला होता, खाली डबक्यात त्याची लाल छाया पडलेली. हाच फोटो! फ्लूमला तोडीस तोड. मी मोबाईल काढतो न काढतो तोच वर कातळावर एक वानर खोकल्यासारखे ओरडले. खक्! मग दुसरे. मग घळीच्या आतून चितळाची टोकदार हाक, एकदा, पुन्हा एकदा. वाटाड्याने हात आडवा केला.

आम्ही उभे राहिलो. आणि मग मला कळले, की सातभाई गप्प झाले होते, पाने गप्प झाली होती. इतके वाळके रान आणि कुठे साधे कुरकुरत नव्हते.

"फिरा," तो हळूच म्हणाला.

वाचकांना खरे तेच सांगतो. मी म्हटले, "इतकं जवळ आलोय. एक मिनिट. दहा पावलं पुढे जाऊन एक फोटो घेतो." मी हे त्या मोहापासून वीस पावलांवर उभा राहून म्हटले.

वहिनीने माझ्याकडे वळून पाहिले. आवाज चढवला नाही. "तुमाले फोटो पायजे जी. मले घरी जा लागते."

आम्ही फिरलो. पुढे तो, मग सौ., मग मी, आणि माझ्या मागे ती, हे मला देवळाचा कळस दिसल्यावर ध्यानात आले. कोणाला मागे ठेवायचे, हा विचार त्या दोघांनी न बोलता केला होता आणि मी केलाच नव्हता. वाघ दिसला नाही. होता की नव्हता, तेही कळले नाही. वाटाड्या म्हणाला, "होता." वहिनी म्हणाली, "चितळ उगीच ओरडत नाई."

देवळापाशी चहा घेताना सौ.ने तिला लेकीची सारी कथा सांगितली. अमेरिका, लाल झाडे, माझा हट्ट. ती तोंडाला पदर लावून हसली. मग उठून आवारापलीकडच्या एका लहानशा कुसुमाची डहाळी तोडून घेऊन आली. तीन-चार पाने, लाल, ओलसर, तान्ह्या मुलाच्या कानासारखी. "हे द्या पोरीले. म्हणा, आमच्याकडचं हाय." आणि मग आपल्याच विचारात, "आमचं पान येते मे महिन्यात. तेंदूचं. ते हिरवंच तोडा लागते. सत्तर पानाचा एक पुडा."

लेकीला मी देवळासमोरच्या पळसाचा फोटो पाठवला. तिने लिहिले, "वा! पण बाबा, ही फुलं आहेत ना?"

मे महिन्याच्या ११ तारखेला सकाळी पेपर उघडला. आदल्या दिवशी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या होत्या. तिघी, एकाच दिवशी. सिंदेवाही तालुका वेगळा, चिमूर वेगळा. हे मला माहीत होते. तरी नावे मी दोनदा वाचली, आणि मग मेहुण्यांकडून नंबर घेऊन फोन लावला. दुपारपर्यंत कोणी उचलला नाही. ते चार-पाच तास सौ. देवापुढे बसली होती आणि मी नुसताच बसलो होतो.

दोनच्या सुमारास वहिनीनेच उचलला. मागे माणसांचा गलबला होता. पाने मोजून द्यायची वेळ होती. "आमी बरे हाव जी," ती म्हणाली. पहाटे पाचला सगळ्या मिळून गेल्या होत्या. आजही? "मंग? पान थांबते का?" या वर्षी पाळीपाळीने एकजण उभी राहते आणि ओरडत राहते, बाकीच्या वाकतात. आज तिची उभे राहण्याची पाळी होती. घसा बसला होता, तेवढे मात्र फोनवरही कळत होते.

मग तिनेच विचारले, "गुरुजी, पोरीले ते पान भेटलं का?"

ते पान आमच्या पंचांगात आहे. अमेरिकेत झाडपाला पाठवू देत नाहीत. मी कुरियरच्या दुकानात जाऊन विचारून आलो होतो. लाल होते ते आता तपकिरी झाले आहे.

"भेटलं," मी म्हटले. "फार आवडलं तिला."

"हाव ना," ती म्हणाली, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.