जामणीची चिंच

ताडोबाची सफारी ही खरं तर मी आईला दिलेली लाच होती. मंगळवारी जंगल बंद, म्हणून बुधवारी पहाटेची जिप्सी. गुरुवारी भद्रावतीच्या घराची रजिस्ट्री. एकटीनं राहणं तिला आता झेपत नव्हतं आणि बंगळुरूहून सारखं येणं मला. ती 'बरं' म्हणाली होती. तिच्या 'बरं'मध्ये होकार किती असतो, हे मला पन्नाशीतही कळत नाही.

मोहर्लीच्या गेटातून आत गेलो. मार्च संपत आला होता, मोहाचा वास होता. रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब. त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवत चांद्याला निरोप पोचवत, असं सांगतात. गाडीतल्या इतरांना फक्त वाघ हवा होता. चितळांकडे कोणी बघेना. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख, त्याच्यावरूनच ताडोबा. आईनं त्या दिशेला हात जोडले.

जामणीच्या गवताळ मैदानाशी गाड्यांची रांग लागली होती. चितळाचा कॉल झाला, मग वानराचा. सगळे श्वास धरून गवताकडे बघत होते. आईनं गाइडच्या खांद्याला हात लावला.

"बाबू, इथं घरं होती का रे?"

तो वळला. "तुम्हाला कसं समजलं, मावशी?"

"ती चिंच. तिच्या बाजूला आंबा. जंगलात असं कोण लावते?"

"आमचंच गाव होतं जी. जामणी."

मग तो कुजबुजत सांगत राहिला. गाव उठलं, शेतांत गवत वाढलं, खात्यानं ते राखलं. गवतामागे चितळ आले, चितळांमागे वाघ. आपण ज्याला उत्तम 'साइटिंग'ची जागा म्हणतो, ती बहुधा कुणाची तरी धानाची बांधी असते. हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. कुटुंबामागे 10 लाख मिळाले, म्हणाला. आईनं विचारलं, जाताना काय काय नेलं? कवेलू, दारं, लाकूडफाटा. चिंच कशी नेणार?

"फळते का अजून?"

"फळते ना. वानरं खातात."

"गावाची आठवण येत असंल."

"मी तं रोजच येतो जी गावाला," तो हसला. "तिकीट तुम्ही काढता."

तेवढ्यात वाघीण निघाली. रस्ता ओलांडून बांबूत गेली, जेमतेम मिनिटभर. सगळे उभे राहिले. आईही उभी राहिली, माझा दंड घट्ट धरून. 'केवढी गं!' एवढंच म्हणाली. परतताना ती गप्प होती, आणि मीही काही विचारलं नाही. भीती वाटली, हे कबूल करतो.

संध्याकाळी अंगणात तिनं विचारलं, "घेणारा शेवगा तोडंल का?"

मी त्या माणसाला फोन लावला. शेवगा जाणार होता. गाडी लावायला जागा हवी होती. खोटं सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

"बरं," आई म्हणाली. आत गेली, आकडी काढून आणली आणि माझ्या हातात दिली. अंधार पडेपर्यंत मी शेंगा उतरवत होतो. ती खाली उभी राहून जुड्या बांधत होती: एक शेजारी, एक दूधवाल्याला, दोन बंगळुरूला.