फ्लॅगची हद्द

सी प्लस प्लसचा नवा प्रकल्प हातात आला की मी सोर्स कोडच्या आधी सीमेकची फाइल उघडते. कंपायलरला कोणते फ्लॅग दिलेत आणि ते कुठवर लागू होतात, एवढं पाहिलं की आधीच्या लोकांनी त्या कोडबद्दल काय गृहीत धरलं होतं ते कळतं. आक्रमक ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग लावताना आपण कंपायलरला सांगत असतो की माझ्या कोडमध्ये अमुक गोष्ट कधीच घडत नाही. तो ते खरं मानून चालतो.

‘फास्ट मॅथ’ घ्या. तो लावला की आकडेमोडीचे लूप खरंच झपाट्याने पळू लागतात, कारण बेरजेचा क्रम बदलायची मुभा मिळाल्यामुळे कंपायलर एकाच सूचनेत चार-आठ संख्या उरकू शकतो. आता विल्यम कहान यांनी 1965 मध्ये मांडलेली बेरजेची पद्धत आठवा. प्रत्येक पायरीला राउंडिंगमध्ये जो बारीक अंश गळतो, तो वेगळ्या चलात जपायचा आणि पुढच्या पायरीत परत मिसळायचा. हा अंश काढायचं सूत्र कागदावर सोडवलं तर उत्तर शून्य येतं. यंत्रात ते शून्य येत नाही, आणि सगळी पद्धत त्या फरकावरच उभी आहे. फास्ट मॅथ मिळाला की कंपायलर कागदावरचं बीजगणित वापरतो, सूत्र शून्य ठरवतो आणि दुरुस्ती अख्खी उडवतो. इतकी देखणी कल्पना, आणि ती पुसली गेल्याचा साधा इशाराही येत नाही! शिवाय ‘नॅन’ कधी येणारच नाही असंही हाच फ्लॅग सांगतो, त्यामुळे नॅनसाठी लिहिलेली तपासणीही गायब होऊ शकते.

म्हणून तो सरसकट लावायला माझा ठाम विरोध असतो. ज्या फाइलमध्ये नुसते पिक्सेल मिसळायचे आहेत, तिच्यापुरता खुशाल लावावा. सीमेकमध्ये एकेका फाइलला वेगळे फ्लॅग देता येतात. अख्ख्या लायब्ररीला द्यायचा तर ‘प्रायव्हेट’ म्हणून द्यावा. ‘पब्लिक’ लिहिलं की ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक टार्गेटच्या माथी तो बसतो. लिंक करतानाही लक्ष हवं. जीसीसी 13 च्या आधी या फ्लॅगने लिंक केलेल्या शेअर्ड लायब्ररीत एक छोटा तुकडा जोडला जाई, आणि ती लोड होताच प्रोसेसरचा मोड बदलून अतिसूक्ष्म संख्या शून्य धरल्या जात. ज्यांनी फास्ट मॅथचं नावही घेतलं नव्हतं त्यांच्या कोडमध्येसुद्धा.

‘मार्च नेटिव्ह’चं तसं सोपं आहे. जेंटू लिनक्सवर माणूस स्वतःच्या मशीनसाठीच सगळं कंपाइल करतो, तिथे तो शोभतो. दुसऱ्यांना पाठवायच्या पॅकेजमध्ये घातला तर जुन्या प्रोसेसरवर प्रोग्राम ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत बंद पडतो.

काही फ्लॅग कंपायलरची गृहीतकं काढून घेतात, आणि मला तेही तितकेच मोलाचे वाटतात. 2009 मध्ये लिनक्स कर्नलच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये एक पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने तर्क केला की वापरला आहे म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी काढून टाकली. त्यातून सुरक्षेला मोठं भगदाड पडलं. पुढे नल पॉइंटरच्या तपासण्या काढू नकोस असं सांगणारा फ्लॅग कर्नलच्या मेकफाइलमध्ये आला. तो सगळ्या कर्नलला लावलेला मला पटतो, कारण शून्य पत्त्यावर कधीच काही नसतं हे गृहीतक तिथे कुठल्याच फाइलमध्ये निर्धास्तपणे धरता येत नाही.

वेगाची तक्रार आली की मी आधी बिल्ड टाइप विचारते. तो न देता सीमेक चालवलं तर ते स्वतःहून ऑप्टिमायझेशनचा एकही फ्लॅग लावत नाही, आणि पुष्कळदा दुखणं तिथेच असतं. त्यानंतरही एखादा फ्लॅग लागलाच, तर तो का लावला आणि कशावर मोजला हे त्याच्या वरच्या ओळीत लिहून ठेवते. कंपायलरची आवृत्ती बदलली की असे फ्लॅग एकेक करून काढायचे, पुन्हा मोजायचं, आणि ज्यांनी काही फरक पडत नाही ते त्याच कमिटमध्ये पुसून टाकायचे.