जुलैमधलं घर

गावचं घर दुरुस्त करायचं असं एकदा ठरलं, की कागद-पेन घेऊन बसायच्या आधीच प्रत्येकाच्या डोक्यात एकेक घर तयार झालेलं असतं. आमच्याकडेही तेच. दादाच्या डोक्यात स्लॅबचं घर. 'एकदाच काय तो खर्च, मग वीस वर्षं बघायला नको.' ताईच्या डोक्यात गुळगुळीत टाइल्सची ओटी आणि एसी लावलेली एक तरी खोली, कारण मे महिन्यात तिच्या मुलांना झोप लागत नाही. भाच्याच्या डोक्यात तर होमस्टे! (आम्ही पावसच्या रस्त्याला, गणेशगुळ्याचा समुद्र जवळ, त्यामुळे पर्यटक येतील म्हणे.) राहता राहिली आई. तिच्या डोक्यात कुठलंच घर नव्हतं. ती आहे त्या घरात राहत होती ना!

तर मंडळी, गेले चार महिने आमच्या कुटुंबात फोनवर, प्रत्यक्षात आणि अधूनमधून रुसव्याफुगव्यात चाललेल्या या विषयाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची घरं कोकणात आहेत, आणि नातेवाईक तर हे वाचणारच आहेत. त्यामुळे जपूनच लिहितो. :)

घर रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की येणाऱ्या एका वाडीत. आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, एका अंगाला कोठीची खोली. संडास मागच्या दाराने बाहेर पडून पंचवीस पावलांवर. आई सत्त्याहत्तर वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटीच असते, आणि पुण्याला ये म्हटलं की चार दिवस येते नि पाचव्या दिवशी काजूची आठवण काढते. गेल्या वर्षी श्रावणात रात्री मागच्या दारी शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं. शेजारच्या काकूंनी हाक ऐकली म्हणून बरं. सगळा विषय सुरू झाला तो इथून. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढच्या चर्चेत स्लॅब आला, एसी आला, होमस्टे आलं, पण ते मनगट मात्र हळूहळू मागे पडत चाललं होतं.

आपण चाकरमानी घर बघतो ते मुख्यतः मे महिन्यात. तेव्हा घर कसं ठणठणीत कोरडं असतं. ओटीवर वारा येतो, माजघर गार असतं, आणि दिसतात ते फक्त उडालेला रंग, जुने स्विच आणि अंगणातली धूळ. त्यामुळे आपली यादीही मे महिन्याची होते: रंग, टाइल्स, एसी, गेट. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांतलं घर आपण बघतच नाही. म्हणून या वर्षी जुलैमध्ये आठ दिवसांची रजा टाकली आणि वही, खडू आणि टॉर्च घेऊन गावी जाऊन राहिलो. दुरुस्तीचं काम पावसाळ्यात होत नाही, पण दुरुस्ती कुठे हवी ते फक्त पावसाळाच सांगतो.

पहिल्या रात्री मोजली, अकरा भांडी लावलेली होती. बादल्या, पातेली, एक जुना हंडा. आईला सगळं पाठ. 'तिथे नको ठेवू रे, वारा खालचा असला की तिथे गळत नाही, इकडे गळतं.' जिथे पाणी टपकत होतं तिथे जमिनीवर खडूने फुली मारत गेलो. दिवसा माळ्यावर चढून त्या फुल्यांच्या वर काय आहे ते पाहिलं. अकरापैकी सात ठिकाणी नुसतं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं होतं. म्हणजे वानरं! त्यांनी एकदा छपरावर उड्या मारायच्या ठरवल्या की माणसाचं काही चालत नाही. तीन ठिकाणी रीप कुजून कौलं खाली बसली होती. आणि एका ठिकाणी वासाच गेला होता.

आमचे सुतार पाऊस थोडा उघडल्यावर येऊन बघून गेले. म्हणाले, 'भाऊ, वासा मधे साबूत दिसतो, पण टोकाला बघायचा. पागोळीचं पाणी टोकालाच लागतं.' त्यांनी प्रत्येक वाशाच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. चौदा वासे बदलायचे निघाले. छपराला साधारण अडीच हजार कौलं आहेत, त्यातली सहाशे बदलायची. बाकीची उतरवून, धुऊन परत चढवायची. पूर्वी हे कौलं परतण्याचं काम दर वर्षी वैशाखात व्हायचं, आता कौलांवर हलक्या पावलाने चालणारी माणसंच मिळत नाहीत. घर गळतं त्याचं खरं कारण कौल नव्हे, ही वार्षिक देखभाल बंद पडली हे आहे.

यावर दादाचं म्हणणं, 'म्हणूनच स्लॅब घालू या.' त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. तो थोरला, प्रत्येक वादळाला त्यालाच फोन जातो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या घरांची छपरं कशी उडाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा दादा रात्रभर जागा होता. पण हिशेब मांडला तर पाडून हजार चौरस फुटांचं नवं घर वीस लाखांच्या आत होत नाही. शिवाय रत्नागिरीपासून पावसपर्यंत दुतर्फा बघत जा. स्लॅबची घरं आणि त्यांच्या डोक्यावर पुन्हा लोखंडी खांब रोवून पत्र्याची शेड! स्लॅब गळतो म्हणून पत्रा. म्हणजे उतरत्या छपराचा खर्च काही चुकत नाही, तो फक्त दोनदा होतो. पत्र्यालाही वाऱ्याची भीती असतेच.

जुन्या लोकांनी काय केलं होतं ते बघायचं तर रत्नागिरी शहरातच दोन उदाहरणं आहेत. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेला थिबा पॅलेस. एक साधं कौलारू घर, दुसरा राजवाडा, १९१०च्या सुमाराचा. पण दोन्हीकडे भिंत जांभ्याची आणि डोक्यावर उतरतं छप्पर. जांभा पाणी पितो. त्याला सतत भिजू द्यायचं नाही, आणि भिजलाच तर सुकू द्यायचं, एवढंच त्याचं पथ्य. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते म्हणून गवंड्याने बाहेरून सगळं सिमेंटचं प्लॅस्टर सुचवलं होतं. त्याऐवजी त्या बाजूचं छप्पर दीड फूट पुढे काढायचं ठरलं. पागोळी भिंतीपासून लांब पडेल. चिऱ्यांचे उघडे पडलेले सांधे तेवढे भरायचे. खर्च एक तृतीयांशावर आला. आत शिरलेली ओल प्लॅस्टरमागे कोंडून राहण्याची भीतीही गेली.

आता पैशांचं. दादाचे दोन लाख, माझे दोन लाख, ताईचा एक लाख, आणि आईने काजूच्या बियांचे साठवलेले चाळीस हजार. (नको म्हटलं तर म्हणाली, 'मग माझं घर नव्हे का ते?' पुढे बोलायची सोय नाही.) एकूण पाच लाख चाळीस हजार. कर्ज काढायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं.

यादी करताना एकच नियम लावला. प्रत्येक कामापुढे लिहायचं, हे जुलैसाठी की मेसाठी? आधी सगळी जुलैची कामं. ती अशी:

छप्पर: एक लाख पंच्याऐंशी हजार. यात स्वयंपाकघर आणि आईची खोली एवढ्यावरच कौलांखाली पत्रा घालायचा, म्हणजे वानराने कौल फोडलं तरी आत पाणी नाही. सगळीकडे पत्रा घातला असता तर बजेट इथेच संपलं असतं.

आतला संडास-बाथरूम: एक लाख दहा हजार. कोठीची खोली रिकामीच आहे (भात लावायचं थांबलं, कोठीत ठेवणार काय?) आणि ती आईच्या खोलीला लागून आहे. उंबरा नाही, कमोड, भिंतीला धरायला दांडे, खरखरीत फरशी, दार रुंद आणि बाहेरूनही उघडेल अशी कडी.

वीज: पंचाहत्तर हजार. सगळं वायरिंग नवं, नीट अर्थिंग आणि एक इन्व्हर्टर. जुलैत दोन-दोन दिवस लाइट नसते.

पश्चिमेची भिंत आणि वाढीव छप्पर: तीस हजार. स्वयंपाकघराचा ओटा आणि धूर-वाफ जायला खिडकी: पंचवीस हजार. माजघरातला फुटलेला कोबा काढून नवी जमीन: तीस हजार.

बेरीज चार लाख पंचावन्न हजार. उरलेले पंच्याऐंशी हजार राखीव. कुणी कितीही मागितले तरी कौलं उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जुन्या घराचं छप्पर उघडल्यावर आत काय निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याने पोत्यामागे थोडा दिलासा आहे. पण आमच्या कामात सिमेंट कमी आणि मजुरी जास्त, तेव्हा त्यावर फार भिस्त नाही.

लाकडाचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटला. जवळच्या एका वाडीत एक मोठं घर पाडताहेत, तिथले सागाचे वासे नि दोन हजार कौलं विकायला आहेत. नव्या लाकडाच्या निम्म्या भावात. सुतारांनी बघून पसंत केलं. मीही बघायला गेलो. त्या घराच्या ओटीवर अजून कॅलेंडर लटकत होतं. घ्यायचं की नाही असा विचार एकदा आला, पण न घेऊन ते घर थोडंच वाचणार होतं? निदान वासे कुणाच्या तरी डोक्यावर राहतील.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पैशांची नव्हतीच. घराच्या दोन खोल्या काकांच्या वाट्याच्या आहेत. ते लोक येत नाहीत, आणि खर्चात पडायची इच्छा नाही असं चुलतभावाने स्पष्ट सांगितलं. त्याचंही बरोबर, न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांवर कुणी का घालावे पैसे? पण वाटण्या खोल्यांच्या होतात, छपराच्या होत नाहीत. मधेच रेघ मारून तिकडची कौलं तशीच ठेवायची म्हटलं तर तिकडून आलेलं पाणी मधल्या भिंतीत उतरणार. यावर आमच्यात बरीच बोलाचाली झाली. दादा चिडला. 'त्यांचं आपण का करायचं?' शेवटी गणपतीत सगळे जमलेले असताना आईने विषय संपवला. म्हणाली, 'पाणी काय वाटणीपत्र वाचून गळतं? घाला त्यांच्यावरही कौलं. माझ्या चाळीस हजारातनं घाला.' चुलतभाऊ तिथेच होता. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत द्यायच्या संमतीपत्रावर त्याने सही केली, आणि निघताना छपराकडे बराच वेळ बघत उभा होता. पैसे देईल की नाही माहीत नाही. हिशेबात धरलेले नाहीत.

ताईने एसी स्वतःहून खोडला. ओटीचा लाल कोबा तसाच राहणार. होमस्टेचं भाच्याला म्हटलं, आधी आजीचा होम नीट होऊ दे, मग स्टेचं बघू. दादा यादी बघून एवढंच म्हणाला, 'कौलं बांधून घ्या वाऱ्याला.' म्हणजे मान्य आहे असं आम्ही समजलो. कडेच्या ओळी तारेने बांधायचं सुतारांना सांगितलंय.

काम तुळशीचं लग्न झालं की सुरू आणि शिमग्याच्या आत संपवायचं. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा ओटी मोकळी हवी. शिवाय त्यानंतर आंब्याची धांदल, मग ना माणूस मिळत ना टेम्पो. साडेतीन महिने आहेत. आईला तेवढे दिवस ताईकडे राहायला सुचवलं, तर म्हणाली, 'आणि कामावर लक्ष कोण ठेवणार, तू? पुण्याहून?' तेव्हा तीच आमची सुपरवायझर. खोल्या एकेक करून उघडायच्या, म्हणजे तिला झोपायला कायम एक कोरडी राहील, असं सुतारांशी बोलून ठरवलंय.

हे एवढं तपशीलवार लिहिलं, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हाच विषय कधी ना कधी निघणार आहे. तेव्हा एक सांगतो. आराखडा काढायच्या आधी एकदा भर पावसात घरी जाऊन आठ दिवस राहा, आणि तिथे वर्षभर राहणारं माणूस रात्री कुठून कुठे चालतं ते बघा. मग यादी आपोआप लहान होते.

आणि हो, एक काम आहे. सहाशे कौलांची सोय झाली, पण आढ्यावर बसणारी कोन्याची कौलं जुन्या मापाची कुठेच मिळत नाहीयेत. साठ-सत्तर लागतील. कुणाच्या गोठ्यामागे, माडाच्या बुंध्याशी पडून असतील तर जरूर कळवा. टेम्पो मी पाठवीन.